१२० ताटं आणि तुमचे दोन हात

पत्र:

नमस्कार मावशी,

आम्ही दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सहा एकर कोरडवाहू शेती आहे. पुण्याच्या दिरांनी सुट्ट्यांच्या एका क्लबाचं सभासदत्व घेतलं आहे. यंदा त्यांना जमत नाही, म्हणून चिखलदऱ्याच्या एका रिसॉर्टमधले मे महिन्यातले सात दिवस त्यांनी आमच्या नावावर केले. खोली फुकट, जेवण आपलं. मी, हे, सासू-सासरे, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा, असे सहा जण आहोत. तुरीच्या पैशातून जेवणखाण्यासाठी २०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. रिसॉर्टवर फोन केला तेव्हा कळलं की नाश्त्याचा बुफे माणशी ३५० रुपये, जेवणाचा ६५०, मुलांना निम्मे आणि वर ५ टक्के जीएसटी. मेन्यू कार्ड व्हॉट्सअॅपवर पाठवलं, त्यात दाल २६०, भाजी ३२०, भात १६०, रोटी ४०. खोलीत छोटा ओटा, शेगडी आणि फ्रीज आहे म्हणे.

हे म्हणतात, जन्मात एकदा जातो, मोजत नको बसू. सासूबाई म्हणतात, "घरी काय कमी हाये? शिधा घेऊन चाला. साडेसहाशाची पोई कायले खावाची?" मला दोघांचंही पटतं. पण मावशी, शिधा नेला तर रांधणार कोण, हे कोणीच बोलत नाही. मी बोलले तर वाईट दिसेल. काय करू?

– एक सून, दर्यापूर तालुका

उत्तर:

ताई,

"रांधणार कोण" हा तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटी आला आहे. मी मात्र हिशोबाला तिथूनच सुरुवात करणार आहे. नुसतं तोंडाने बोललात तर कदाचित वाईट दिसेल. वहीत मांडलंत तर तो हिशोब होतो, आणि हिशोबावर घरात सगळे बसून बोलतात.

आधी माझं सांगते. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी आम्ही आठ जण चिखलदऱ्यालाच गेलो होतो. सोबत वातीचा स्टो, पिठाचा डबा, तांदळाची पिशवी आणि लोखंडी तवा. मी तेव्हा घरातली धाकटी सून. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या, चारला चहा, रात्री पुन्हा भाकरी. एका संध्याकाळी सगळे पंचबोल पॉइंटला गेले आणि मी रात्रीच्या भाजीसाठी लसूण सोलत मागे राहिले. तिथे दरीत हाक मारली की ती पाच वेळा परत येते, म्हणून ते नाव. मुलं धावत परत आली आणि माझा धाकटा म्हणाला, "आई, आम्ही 'आई' म्हणून हाक मारली, पाचदा ऐकू आली!" माझ्या बोटांना लसणाचा वास होता आणि परातीत कणीक भिजवून ठेवलेली होती. त्या सहलीत पैसे फार कमी लागले, हे खरंच आहे. पण पंचबोल मी पाहिला नाही, आणि ते मला अजून लागतं.

आता तुमची वही उघडा. रविवारी दुपारी पोचायचं आणि पुढच्या रविवारी नाश्ता करून निघायचं, असं धरलं तर सात नाश्ते, सहा दुपारची जेवणं, सात रात्रीची. वीस वेळा सहा माणसं, म्हणजे १२० ताटं. तुमच्या २०,००० ला १२० ने भागलं की ताटाला साधारण १६६ रुपये येतात. हा आकडा पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्याप्रमाणे तिन्ही वेळा बुफे घेतला तर नाश्त्याला रोजचे १,७५० आणि एका जेवणाला ३,२५०. आठवड्याचे ५४,५००, कर धरून ५७,२२५. बाजूला ठेवलेल्या रकमेच्या जवळपास तिप्पट. त्यांनी हे एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहावं. "मोजू नको" हे ते प्रेमाने म्हणतात, त्यात मला शंका नाही. पण मोजलं नाही तर चौथ्या दिवशी तेच गप्प होतील आणि मुलाने आइस्क्रीम मागितलं की त्याच्यावर ओरडतील. अशी घरं मी पाहिली आहेत.

सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सगळा शिधा नेला तर रोख खर्च फार थोडा. मात्र १२० ताटं तुमच्या हातची, आणि त्यांची भांडीही तुमचीच. रिसॉर्टचे लोक खोली झाडतात, पण ओट्यावरची खरकटी भांडी घासून देतील असं समजू नका.

मला सुचतं ते असं.

बुफे कोणाला परवडतो, ते आधी बघा. बुफेत माणूस मोजतात, पोट मोजत नाहीत. सासरे दीड पोळी खाणार, सासूबाई पनीर बाजूला सारणार, मुलगा गुलाबजाम आणि पापड यावर जेवण संपवणार. तरी बिल ३,४१२ रुपयांचं. त्याऐवजी मेन्यू कार्डावरून दोन भाज्या, एक दाल, दोन भात आणि चौदा रोट्या मागवल्या तर १,७८०, कर धरून १,८६९. सहा जणांना हे पुरतं, बहुतेक वेळा भात उरतो. रोट्या एकदम चौदा सांगू नका. आधी आठ सांगा, मग लागतील तशा. हे जेवण खाली रेस्टॉरंटमध्ये बसूनच घ्या, खोलीवर मागवलं की कित्येक ठिकाणी वेगळे पैसे लावतात. असं जेवण तीन रात्री: ५,६०७.

एक रात्र पूर्ण बुफेची ठेवा, शनिवारची, निघायच्या आदल्या दिवशीची. त्या रात्री कोणी काही मोजायचं नाही. यजमानांची हौसही भागते. ३,४१२.

नाश्त्याचा बुफे मात्र जेवणाच्या बुफेपेक्षा कामाचा आहे. इडली, पराठे, अंडी, फळं, दूध असं सगळं असतं आणि पोरंही सकाळी नीट खातात. तो किती वाजेपर्यंत असतो ते विचारा आणि संपायच्या पाऊण तास आधी जाऊन बसा. मग दुपारी कोणाला ताट लागत नाही, केळी, ताक आणि कच्चा चिवडा यांवर भागतं. असे दोन दिवस: ३,६७५.

बाकीची चार दुपारची जेवणं गावातल्या साध्या खानावळीत घ्या. ताट १५० धरा, मुलं दोघांत एक घेतील, म्हणजे पाच ताटांचे ७५०, चार दिवसांचे ३,०००. घरगुती जेवणाची पाटी दिसली किंवा बचत गटाच्या बाया डबे देत असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. माणसं आधी कळली की भाकरी गरम मिळते आणि वाट पाहावी लागत नाही.

उरले पाच नाश्ते आणि तीन रात्री, हे खोलीवर. पहिल्या रात्रीसाठी घरूनच डबा न्या: दुधात मळलेल्या दशम्या, आलूची कोरडी भाजी, फल्लीदाण्याची चटणी. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मे महिन्यात गाडीत भाजीला वास लागू शकतो, म्हणून तीत कांदा आणि ओलं खोबरं घालू नका आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा. दुसऱ्या एका रात्री मुगाची खिचडी आणि कढी, तिसऱ्या रात्री पिठलं-भाकर.

आता ही कामं वाटून टाका, आणि वाटणी वहीत लिहा. सकाळचा चहा आणि पाच नाश्ते तुमच्या यजमानांचे. पोहे भिजवायला आणि कांदा चिरायला कोणी कॉलेजात शिकलेलं लागत नाही. मुलगी सांबार (कोथिंबीर) निवडेल, निंबू कापेल. खिचडीही यजमानांचीच. डाळ-तांदूळ मापून, हळद-मीठ पुडीत बांधून घरूनच न्या, तिथे फक्त पाणी घालून कुकर लावायचा. पिठलं-भाकर सासूबाईंच्या हातची. हे मी त्यांच्यावर काम टाकण्यासाठी सांगत नाही. पाच दिवस दुसऱ्याच्या हातचं, गोडसर रश्श्याचं जेवून त्यांनाच भाकरीची आठवण होईल, आणि आपण केलेली भाकरी नातवंडं खातात हे पाहायला त्यांना आवडेल. शिधा न्या म्हणणाऱ्या बाईच्या मनात दुष्काळी वर्षांचं स्वयंपाकघर असतं. त्यांच्या काळात बाहेरचं जेवण म्हणजे उधळपट्टीच होती. त्यांना खोडून काढू नका. "तुमचं ऐकलं, आठ वेळचं आपण नेतोय" असं सांगा, ते खरंही आहे.

तुमच्या नावासमोर त्या पानावर काही लिहू नका. घरी निघायच्या आधीची दशम्यांची तयारी तुम्ही करणारच आहात, तेवढं पुष्कळ झालं.

दूध, भाजी, फळं यांना २,००० धरा. तूरडाळ, तांदूळ, ज्वारीचं पीठ, तिखट, तेल घरचं. पॉइंटवरचा चहा, मॅगी, एखाद्या दिवशी रबडी यांना १,५००. चिखलदऱ्याची रबडी आणि खवा नावाजलेला आहे, तिथल्या गवळ्यांच्या म्हशींच्या दुधाचा. इतक्या दूर जाऊन तो न खाता येऊ नका. सासऱ्यांना साखर असेल तर दोन चमचे त्यांनाही द्या, पण जेवणातला भात त्या दिवशी कमी करा.

आता बेरीज: ५,६०७, ३,४१२, ३,६७५, ३,०००, २,०००, १,५००. झाले १९,१९४. आठशे रुपये हातात राहतात. ते पाण्याच्या बाटल्यांत जातील, त्याबद्दल पुढे.

निघण्याआधी रिसॉर्टला आणखी एक फोन करा, आणि तो तुम्ही स्वतः करा. शेगडी गॅसची आहे की इंडक्शन, हे विचारा. इंडक्शन असेल तर घरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर चालणार नाही, चुंबक चिकटेल अशा स्टीलच्या किंवा लोखंडी बुडाचा लागेल. भांडी खोलीत आहेत की मागून घ्यावी लागतात, त्याचे पैसे आहेत का, बाहेरचं जेवण आत आणू देतात का, हेही विचारा. सभासदाच्या जागी पाहुणे आलेत म्हणून काही वेगळा आकार लागतो का, हे दिरांकडून लेखी मागवा. "खोली फुकट" या शब्दांमागे कधी वीज-पाण्याचा आकार निघतो. आणि मुलांना निम्मा दर कोणत्या वयापर्यंत, तेही नक्की करून घ्या. बऱ्याच ठिकाणी पाचच्या आतल्यांना पैसे नसतात आणि बारापर्यंत निम्मे असतात, पण प्रत्येकाचा नियम वेगळा. मुलांची आधार कार्डं सोबत ठेवा, आणि वय आहे तेच सांगा. मुलं ऐकत असतात.

जे वाचक खोलीचे पैसे भरून जाणार आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. हॉटेलवाले फोनवर सीपी, एमएपी, एपी असं बोलतात. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं. नुसती खोली असेल तर ईपी. कुटुंबाला बहुधा सीपी बरा पडतो. एपी घेतला की दुपारी कुठेही असलात तरी जेवायला परत यावं लागतं, नाहीतर भरलेले पैसे वाया जातात.

करही समजून घ्या. साधारणपणे रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. तुम्हाला ५ सांगितले आहेत, तेव्हा बिलावर ५ च आहेत ना ते बघा. बिलात "सर्व्हिस चार्ज" अशी वेगळी ओळ दिसली तर ती काढायला सांगा. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हा आकार आपोआप बिलात लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. वाढणाऱ्या पोराला तुम्हाला वाटतील ते वीस-पन्नास रुपये हातात द्या, ते वेगळं. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पाण्याच्या बाटलीवरून मात्र भांडू नका. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. टेबलावर बसताच बाटल्या उघडून ठेवतात, त्याआधीच "साधं पाणी द्या" म्हणा, आणि फिरायला निघताना घरच्या बाटल्या भरून घ्या.

रिसॉर्टमध्ये घरं कुठे फसतात, तर "खोलीवर लिहा" इथे. चहा खोलीवर लिहिला, भजी खोलीवर लिहिली, आणि शेवटच्या सकाळी गाडी दारात उभी असताना लांबलचक कागद हातात येतो. तेव्हा कोण तपासणार? प्रत्येक जेवणाचे पैसे तिथल्या तिथे द्या. ते शक्य नसेल तर रोज रात्री त्या दिवसाचं बिल छापून मागा. अकरा वर्षांच्या मुलीला वही द्या, ती रोज लिहील आणि बेरीज करील. शाळेतल्या गणितापेक्षा हे गणित तिला जास्त आवडेल. आणि बिल बघायला शेवटच्या सकाळपर्यंत थांबू नका, शनिवारी रात्रीच मागून घ्या.

सासऱ्यांना साखरेची गोळी चालू असेल, तर त्यांच्या वेळा सगळ्या हिशोबाच्या वर ठेवा. खेड्यात आपण सात-साडेसातला जेवतो, रिसॉर्टचं जेवण आठ-साडेआठला सुरू होतं. गोळी घेऊन जेवण लांबलं की साखर उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात. खिशात फुटाणे ठेवा, साखरेची पुडीही ठेवा, आणि ज्या दिवशी ते दमलेले असतील ती रात्र खिचडीची करा. ठरवलेली रात्र बदलली तरी चालते.

दर्यापूरहून तुम्ही अंजनगाववरून जाल. तिथे केळी घ्या, थोडी कच्चट, म्हणजे तीन-चार दिवस टिकतील. भाजी, दही, अंडी परतवाड्यात घ्या. त्यानंतर घाट लागतो आणि वर हेच सगळं महाग पडतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून कुकर न्याच, आणि यजमानांना एक शिट्टी जास्त घ्यायला सांगा. भाकरीसाठी घरचा तवा न्या. रिसॉर्टच्या पातळ, गुळगुळीत तव्यावर सासूबाईंची भाकर फुगणार नाही आणि त्या नाराज होतील. पॉइंटवर पिशवी उघडी ठेवू नका, लंगूर हातातून हिसकावतात. त्यांना खायला घालायचंही नाही, आजूबाजूला मेळघाटचं व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे.

हे पान निघायच्या चार-आठ दिवस आधी, सगळे जेवायला बसलेले असताना मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही वाचू नका. आकडे तिच्या तोंडून आले की यजमान हसतील, सासूबाई बेरीज पुन्हा करायला लावतील, आणि "नाश्ता: बाबा" हे वाचलं जाईल तेव्हा कोणी काही म्हणालंच, तर तुम्ही शांतपणे भाजी वाढा. सासरे बोलतील असं मला वाटतं. म्हाताऱ्या माणसांना पुष्कळ दिसत असतं.

आणि सोमवारी संध्याकाळी, खानावळीतून जेवून आल्यावर थोडं पडून, पंचबोलला जा. रात्रीचं जेवण त्या दिवशी मेन्यू कार्डावरचं आहे, परत येऊन काही करायचं नाही. उन्हं कलल्यावर कठड्याजवळ उभ्या राहा आणि मुलांना हाक मारायला सांगा.